खिंडी विकत घेणारी माणसे

प्रश्न : आमची मुलगी बोस्टनजवळ राहते. येत्या सप्टेंबरअखेरीस आम्ही दोघे तिच्याकडे जाणार आहोत. तिला रजा एकच दिवस मिळेल आणि त्या दिवशी ती आम्हाला न्यू हॅम्पशायरमधली डोंगरातली ‘स्टेट पार्क’ दाखवणार आहे. नकाशावर पाहिले तर अशी अनेक पार्क दिसतात आणि त्यांच्याभोवती ‘नॅशनल फॉरेस्ट’चा मोठा हिरवा पट्टा. आम्ही आयुष्यभर सह्याद्रीत भटकलो, पण अख्खी खिंड ‘राज्याचे उद्यान’ असते म्हणजे काय, ते कळले नाही. ती राज्याची झाली कशी? आणि एका दिवसात त्यातले काय पाहावे?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : राज्याची झाली ती पैसे मोजून. आधी विकली होती, मग परत विकत घेतली. हा इतिहास माहीत असला की दिवस कसा आखायचा तेही आपोआप सुचते. म्हणून आधी तो सांगतो.

न्यू हॅम्पशायरच्या उत्तर भागातल्या डोंगरांना व्हाइट माउंटन्स म्हणतात. यातली बरीच जमीन एकेकाळी राज्याच्याच मालकीची होती. १८६७ साली राज्याने उरलीसुरली सुमारे १,७२,००० एकर डोंगरी जमीन विकून टाकली. भाव एकरी वीस सेंटांपेक्षाही कमी पडला. पडीक डोंगर ठेवून करायचे काय, असा तेव्हाचा हिशेब होता. पुढच्या तीस-चाळीस वर्षांत लाकूड कंपन्यांनी दऱ्यांमध्ये थेट रेल्वेचे रूळ टाकले आणि उतारच्या उतार बोडके केले. तोडलेल्या फांद्यांचे ढीग तिथेच वाळत पडायचे आणि इंजिनाची एक ठिणगी त्यांना पुरायची. १९०३ आणि १९०७ या वर्षांतल्या वणव्यांनी फार मोठे क्षेत्र जाळले. उघड्या उतारांवरचे पाणी आणि गाळ खाली मेरिमॅक नदीत येऊ लागला. त्या नदीच्या पाण्यावर कापडाच्या गिरण्या चालत होत्या. तेव्हा कुठे निसर्गप्रेमी, हॉटेलवाले आणि गिरणीमालक एका बाजूला आले. १९०१ साली ‘सोसायटी फॉर द प्रोटेक्शन ऑफ न्यू हॅम्पशायर फॉरेस्ट्स’ ही संस्था उभी राहिली. १९११ साली अमेरिकेच्या संसदेने वीक्स कायदा केला आणि नद्यांच्या उगमाकडची खासगी जंगले खरेदी करण्याचा अधिकार केंद्र सरकारला मिळाला. तुम्ही नकाशावर पाहिलेला मोठा हिरवा पट्टा या कायद्याने उभा राहिला. ते ‘व्हाइट माउंटन नॅशनल फॉरेस्ट’. त्याची मालकी वॉशिंग्टनच्या केंद्र सरकारकडे आहे.

स्टेट पार्क या पट्ट्यातले वेगळे तुकडे आहेत. ते राज्याने स्वतः मिळवले आणि राज्यच ते सांभाळते. आपल्याकडे ‘राष्ट्रीय उद्यान’ म्हटले की वन्यजीव कायदा, गाभाक्षेत्र, प्रवेशाचे कडक नियम डोळ्यांसमोर येतात. तिथल्या स्टेट पार्कची कल्पना तशी नाही. ती मुळात लोकांनी यावे, चालावे, पोहावे, तंबू ठोकून राहावे यासाठी राखलेली जागा आहे. मी पुढे सुचवतो त्यातल्या एका पार्कात तर राज्याच्याच मालकीचे, बर्फावर घसरण्याच्या खेळाचे केंद्र आहे. न्यू हॅम्पशायरमध्ये पार्कांचा रोजचा खर्च बहुतांशी त्यांच्याच तिकिटांतून आणि भाड्यांतून भागवायचा असे धोरण आहे. जे ठिकाण गर्दी खेचते ते इतर शांत पार्कांचाही भार उचलते.

आता दिवसाबद्दल. एका दिवसासाठी दोन पार्क पुरेत : पश्चिमेकडची फ्रँकोनिया नॉच आणि पूर्वेकडची क्रॉफर्ड नॉच. दोन्ही खिंडी आहेत, दोन्ही हिमनदीने कोरलेल्या आहेत आणि दोन्ही राज्याला विकत घ्याव्या लागल्या. बोस्टनहून ९३ क्रमांकाच्या महामार्गाने उत्तरेला निघालात की सव्वादोन ते अडीच तासांत लिंकन गाव येते. त्यापुढेच फ्रँकोनिया सुरू होते. सकाळी सहाला निघा. नंतर गर्दी वाढते आणि गाडी लावायला जागा मिळत नाही.

पहिला थांबा फ्लूम नावाच्या घळीचा. सह्याद्रीत फिरलेल्या माणसाने ही घळ पाहिलीच पाहिजे आणि त्याला कारण आहे तिथला दगड. घळ सुमारे ८०० फूट लांब आहे. दोन्ही बाजूंना ग्रॅनाइटच्या ७० ते ९० फूट उंच सरळसोट भिंती, आणि मधले अंतर अवघे १२ ते २० फूट. त्या फटीतून ओढा धावतो आणि भिंतीला लावलेल्या लाकडी मार्गावरून आपण त्याच्या डोक्यावरून चालत जातो. ही फट पडली कशी? सुमारे २० कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या पोटात ग्रॅनाइट थिजला. थंड होताना त्याला उभे तडे गेले. त्या तड्यांतून खालून बेसॉल्टचा वितळलेला रस वर घुसला आणि तिथेच गोठून काळ्या उभ्या भिंती झाल्या. पुढे वरचे थर झिजून गेले, पाणी आले आणि पाण्याने ग्रॅनाइटच्या आधी तो बेसॉल्ट खाल्ला. बेसॉल्ट गेला ती जागा म्हणजे ही घळ.

आपल्या नजरेला हे उलटे वाटते. आपला सह्याद्री सगळा बेसॉल्टचा, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या थरांचा. आपले कडे, आपली लेणी, आपल्या किल्ल्यांच्या पायऱ्या याच काळ्या कातळात आहेत आणि टिकाऊपणा म्हटला की आपल्याला तोच आठवतो. इथे तोच दगड ग्रॅनाइटपुढे हरला. घळीच्या तळाशी त्या काळ्या दगडाचे उरलेले अवशेष अजून दिसतात. मुलीला ते मुद्दाम दाखवा. बोस्टनपासून अडीच तासांवर आपल्या डोंगराच्या जातीचा दगड पाहायला मिळणे ही लहान गोष्ट नाही.

ही घळ १८०८ साली जेस गर्न्सी नावाच्या ९३ वर्षांच्या आजीबाईंना मासे धरताना सापडली, असे सांगतात. घरच्यांचा आधी विश्वास बसला नाही म्हणे. त्या काळी घळीच्या दोन भिंतींमध्ये अंड्याच्या आकाराचा एक प्रचंड धोंडा अडकून लोंबत होता. जून १८८३ मधल्या वादळी पावसात दरड आली, धोंडा वाहून गेला आणि पुन्हा कोणालाच सापडला नाही. त्याच पुराने घळ आणखी खोल केली आणि आत ४५ फुटांचा नवा धबधबा तयार झाला. फ्लूमची पूर्ण फेरी सुमारे दोन मैलांची आहे. अर्ध्यावरून परतू नका, कारण पुढे पेमिजवॅसेट नदीच्या खोल डोहावर छप्पर असलेला एक लाकडी पूल आहे. १९३८ च्या चक्रीवादळात इथला एक प्रचंड पाइन वृक्ष कोसळला. पुढच्याच वर्षी त्याचे खोड पायाला घेऊन हा पूल बांधला.

फ्लूमहून निघाल्यावर रस्ता खिंडीच्या अरुंद भागात शिरतो. इथे काही मिनिटे मुलीला गाडी सावकाश चालवायला सांगा आणि दोन्ही बाजूंचे जंगल पाहा. १९२३ साली इथले ‘प्रोफाइल हाउस’ हे मोठे हॉटेल जळाले. मालकांनी ते पुन्हा न बांधता खिंडीतली सुमारे ६,००० एकर जमीन विकायला काढली. लाकूड कंपन्यांची नजर होतीच. किंमत ठरली ४ लाख डॉलर. राज्याच्या विधिमंडळाने निम्मी रक्कम मंजूर केली. बोस्टनचे बँकर जेम्स स्टॉरो यांच्या मागे राहिलेल्या निधीतून १ लाख मिळाले. (बोस्टनमध्ये नदीकाठाने जाणारा स्टॉरो ड्राइव्ह त्यांच्याच नावाचा. मुलगी त्यावरून अनेकदा गेली असेल.) उरलेला १ लाख उभा केला १९०१ च्या त्या वनसंरक्षण संस्थेने आणि राज्यातल्या महिला मंडळांच्या महासंघाने. त्यांनी झाडे विकायला काढली. एका डॉलरला एक झाड. झाड घेणाऱ्याने घरी न्यायचे नव्हते, ते जिथे उभे आहे तिथेच उभे राहू द्यायचे होते. शाळकरी मुलांपासून दूरच्या राज्यांतल्या अनोळखी माणसांपर्यंत हजारो लोकांनी डॉलर पाठवले. १९२८ साली खिंड लोकांची झाली आणि युद्धात सेवा केलेल्या राज्यातल्या स्त्री-पुरुषांच्या स्मृतीला ती अर्पण करण्यात आली.

मला या साऱ्या प्रदेशात सर्वांत मोलाची वाटते ती ही हकीकत. हे जंगल कोणा राजाचे शिकारीचे रान नव्हते आणि एखाद्या धनाढ्याने एकट्याने केलेले दानही नव्हते. त्या पैशातला एक चतुर्थांश वाटा हजारो लोकांच्या देणग्यांतून आला, आणि त्यातल्या अनेकांनी ही खिंड कदाचित कधी पाहिलीही नसेल. ते काम घरोघर, गावोगाव नेले ते बायकांनी, आणि अमेरिकेत स्त्रियांना देशभर मताधिकार मिळून तेव्हा दहा वर्षेही झाली नव्हती. पार्कात फिरताना हे कोणी तरी आपल्याला सांगायला हवे असे मला फार वाटते.

पुढचा थांबा प्रोफाइल लेकच्या काठी. समोरच्या कॅनन डोंगराच्या कड्यावर, तळ्यापासून सुमारे १,२०० फूट उंचीवर, ग्रॅनाइटच्या पाच कपऱ्यांनी मिळून एका म्हाताऱ्याचा चेहरा बनला होता. कपाळ, नाक, हनुवटी, सारे मिळून ४० फूट. १८०५ साली त्याची पहिली नोंद झाली. नॅथॅनिएल हॉथॉर्नने त्यावर कथा लिहिली, राज्याने तो आपले चिन्ह केला आणि आजही तिथल्या मोटारींच्या पाट्यांवर, रस्त्यांच्या फलकांवर तो दिसतो. पण कड्यावर मात्र नाही. फटीत शिरलेले पाणी गोठते, फुगते, फट रुंदावते. हे हजारो हिवाळे चालू होते. १९१६ मध्ये कपाळाचा धोंडा लोखंडी सळ्यांनी आवळला. १९५८ नंतर आणखी बांधणी झाली, पाणी बाहेर काढायला पन्हळ केली. नील्स नील्सन या रस्तेखात्यातल्या कर्मचाऱ्याने आणि पुढे त्याच्या मुलाने वर्षानुवर्षे दोरावरून उतरून त्या भेगा बुजवल्या. तरी ३ मे २००३ रोजी तो चेहरा कोसळला. लोकांनी पायथ्याशी येऊन फुले वाहिली. नवा चेहरा बसवावा अशी सूचनाही आली होती. ती नाकारली गेली, आणि ते योग्यच झाले असे माझे मत आहे. आता तळ्याकाठी पोलादी खांब उभे केले आहेत. आपल्या उंचीप्रमाणे आखलेल्या खुणेवर उभे राहून एक डोळा मिटून वर पाहिले की खांबाच्या टोकावरचे उंचवटे कड्याच्या कडेला बरोबर जुळतात आणि चेहरा पुन्हा दिसतो. जरूर करून पाहा.

हा म्हातारा असताना त्याने रस्त्यावरही उपकार केले. ९३ क्रमांकाचा आंतरराज्य महामार्ग याच खिंडीतून चार पदरी जायचा होता. सुरुंगांनी कडा हादरेल, खिंडीची रया जाईल म्हणून लोक वर्षानुवर्षे लढले. शेवटी तडजोड झाली. १९८८ साली पूर्ण झालेल्या या टप्प्यात महामार्ग दोन्ही दिशांना एकेकच पदर उरतो आणि वेगाची मर्यादा ताशी ४५ मैलांवर येते. अमेरिकेच्या आंतरराज्य महामार्गांत असा अपवाद फार दुर्मीळ.

कॅनन डोंगरावर १९३८ साली उत्तर अमेरिकेतला प्रवासी वाहून नेणारा पहिला मोठा रज्जुमार्ग सुरू झाला होता. तुमच्या दिवशी वर जाण्याची काही सोय आहे का, ते निघण्याआधी पार्ककडे विचारून घ्या. नसेल तर हळहळ नको, पुढे बरेच आहे. जवळच्याच एको लेक या तळ्याकाठी डबा उघडा.

दुपारी पूर्वेकडे वळून क्रॉफर्ड नॉचकडे निघा. वाटेत डाव्या हाताला पांढऱ्या भिंतींचे, लाल छपराचे एक भव्य हॉटेल दिसेल. हे स्टेट पार्क नव्हे, पण मराठी माणसाने तिथे पाच मिनिटे थांबावे. हे ब्रेटन वुड्सचे माउंट वॉशिंग्टन हॉटेल. जुलै १९४४ मध्ये ४४ देशांचे प्रतिनिधी इथे जमले आणि आंतरराष्ट्रीय नाणेनिधी व जागतिक बँक यांची घडी इथे बसली. भारताच्या शिष्टमंडळात चिंतामणराव देशमुख होते. आदल्याच वर्षी ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले होते. युद्धकाळात ब्रिटनकडे साठलेल्या भारताच्या येण्याचा, म्हणजे स्टर्लिंग शिलकीचा, प्रश्न भारताने याच परिषदेत मांडला. देश अजून परतंत्र होता. महाडजवळच्या नाते गावी, रायगडाच्या परिसरात जन्मलेला माणूस व्हाइट माउंटन्सच्या पायथ्याशी बसून देशाचे देणे-घेणे जगापुढे मांडतो आहे, हे चित्र मनात आणून हॉटेलचा व्हरांडा पाहा.

तिथून थोड्याच अंतरावर दोन कडे जवळ येतात आणि क्रॉफर्ड नॉचचे तोंड लागते. उत्तरेकडच्या शेतकऱ्यांना समुद्राकडे माल न्यायला ही वाट होती. दरीत उतरताना डावीकडे रस्त्यालगतच दोन धबधबे दिसतात. त्यानंतर दरी रुंद, खोलगट होते आणि तळाशी विली हाउसची जागा येते.

१८२५ च्या पानगळीत सॅम्युएल विली, त्याची बायको पॉली आणि त्यांची पाच मुले इथल्या घरात राहायला आली. वाटसरूंना मुक्कामाला जागा द्यायची, हा त्यांचा धंदा. पुढच्या जूनमध्ये घराजवळ दरड कोसळली. घाबरून त्यांनी थोड्या अंतरावर एक आसरा तयार केला. उन्हाळा कोरडा गेला, माती भुसभुशीत झाली आणि २८ ऑगस्ट १८२६ च्या रात्री मुसळधार पाऊस आला. वरून डोंगराचा मोठा भाग सुटून खाली आला. घराच्या मागे एक खडकाळ उंचवटा होता. तिथे दरड दुभंगली, घराच्या दोन्ही बाजूंनी गेली आणि पुढे पुन्हा एक झाली. घराला काहीही झाले नाही. पण आतली सारी माणसे, दोन गड्यांसह नऊजण, बाहेर धावली होती. सगळी गेली. तीन मुलांचे देह कधीच मिळाले नाहीत. २०१४ चे माळीण आणि २०२३ ची इर्शाळवाडी पाहिलेल्या आपल्याला ती रात्र समजावून सांगावी लागत नाही.

त्या वाचलेल्या घराची बातमी देशभर पसरली. हॉथॉर्नने त्यावरून एक कथा लिहिली. टॉमस कोल या चित्रकाराने १८३९ साली या खिंडीचे चित्र रंगवले आणि ते आज वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीत आहे. लोक ती जागा पाहायला येऊ लागले. व्हाइट माउंटन्सच्या पर्यटनाला जोर आला त्यात या शोकांतिकेचा मोठा वाटा आहे. घर पुढे जळाले, पण जागा राखली आहे. लाकूडतोड खिंडीपर्यंत येऊन ठेपली तेव्हा, १९१३ साली, राज्याने इथली जमीन खरेदी केली. म्हणजे फ्रँकोनियाच्या पंधरा वर्षे आधी राज्याला हा धडा मिळालेला होता. तरीही फ्रँकोनियासाठी एकेक डॉलर गोळा करावा लागला. मागच्या उताराकडे पाहा. तिथे आता दाट झाडी आहे, पण दरडी या खिंडीत पुढेही आल्या आहेत आणि येतात.

पाय अजून साथ देत असतील आणि उजेड असेल तर इथून थोड्या अंतरावरचा ॲरेथुसा धबधबा करा. जायला दीड मैलाचा चढ, तेवढेच परत. राज्यातल्या सर्वांत उंच धबधब्यांपैकी तो एक आहे.

माउंट वॉशिंग्टनच्या माथ्यावरही एक छोटे स्टेट पार्क आहे आणि मुलगी कदाचित तेही सुचवेल. उंची ६,२८८ फूट, म्हणजे १,९१७ मीटर. आपल्या कळसूबाईपेक्षा पावणेतीनशे मीटरच जास्त, पण तिथली हवा वेगळ्याच जातीची. १२ एप्रिल १९३४ रोजी तिथल्या वेधशाळेने ताशी २३१ मैल वेगाचा वारा मोजला. १८६९ पासून दातेरी रुळांची आगगाडी वर जाते, १८६१ पासून गाडीरस्ताही आहे. पण त्याला स्वतंत्र दिवस हवा. एका दिवसात तिन्ही केलेत तर तिन्ही अर्धवट होतील.

प्रश्न : मीही पुढच्या वर्षी तिकडे जाणार आहे. माझे गुडघे दुखतात. यातले मला काय जमेल? आणि हंगाम कोणता?
— एक वाचक, सांगली

उत्तर : बरेचसे जमेल. प्रोफाइल लेक, एको लेक, विली हाउस आणि क्रॉफर्डच्या तोंडाजवळचे दोन धबधबे गाडीतून उतरून काही पावलांवर आहेत. फ्रँकोनियातच ‘बेसिन’ नावाचे एक ठिकाण आहे. ओढ्याच्या पाण्याने आणि गोट्यांनी ग्रॅनाइटमध्ये घोटून काढलेला सुमारे ३० फूट व्यासाचा रांजणखळगा. निघोजला कुकडी नदीतले रांजणखळगे पाहिले असतील तर हा ओळखीचा वाटेल. गाडीतळापासून तिथपर्यंत जेमतेम काही मिनिटांची वाट आहे. फ्लूममध्ये मात्र पायऱ्या बऱ्याच आहेत आणि पाण्याच्या तुषारांनी लाकूड ओले असते. काठी घ्या, किंवा घरच्यांना पाठवून तुम्ही बेसिनला बसा.

मेअखेर ते जून टाळा. काळ्या चावऱ्या माश्यांचे थवे तेव्हा पिच्छा सोडत नाहीत. जुलै-ऑगस्ट चांगले. सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरचा दुसरा आठवडा सर्वांत सुंदर, कारण मेपलची झाडे लाल-केशरी होतात. ऑक्टोबरच्या दुसऱ्या सोमवारची जोडून सुट्टी असते, ती मात्र चुकवा. फ्लूम साधारण मे ते ऑक्टोबर खुली असते. हिवाळ्याआधी घळीतला लाकडी मार्ग काढून ठेवतात, नाही तर बर्फ तो मोडून टाकेल. तिकिटे इंटरनेटवर वेळ ठरवून आधीच काढावीत.

सप्टेंबरात बोस्टनला अर्ध्या बाह्यांचा सदरा पुरतो, खिंडीत लोकरी कपडा लागतो. पावसाचे जाकीट, पाणी आणि विजेरी जवळ ठेवा. मोबाइलला अनेक ठिकाणी रेंज नसते, म्हणून नकाशा आधीच उतरवून घ्या. आणखी एक गोष्ट बरोबरच्या तरुणांना सांगा : न्यू हॅम्पशायरमध्ये डोंगरात निष्काळजीपणे अडकलेल्यांकडून सुटकेचा खर्च वसूल करण्याचा कायदा आहे. ॲरेथुसाला जाणार असतील तर दुपारी तीनच्या आत निघायला लावा, कारण ऑक्टोबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि दरीत त्याही आधी अंधारते.